परतीच्या वाटेवरील तिघी

अमेरिकन दूरचित्रवाणीवर १९९५ साली ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ ही विज्ञानकथामालिका सुरू झाली आणि ‘स्टार ट्रेक’ परंपरेतील एखाद्या मालिकेचे मुख्य कप्तानपद प्रथमच एका स्त्रीकडे आले. २००१ पर्यंत, सात पर्वे, ही मालिका चालली. तिच्या चाहत्यांना विशेष प्रिय ठरलेल्या स्त्रियांत कप्तान कॅथरीन जेनवे, मुख्य अभियंता बेलाना टॉरेस आणि सेव्हन ऑफ नाइन या तिघींची नावे हमखास येतात. तिघींच्याही हातून चुका होतात. त्या चुकांचे ओझे त्या दुसऱ्याच्या खांद्यावर टाकीत नाहीत, म्हणूनच त्या आपल्याशा वाटतात.

व्हॉयेजर यान पृथ्वीपासून सत्तर हजार प्रकाशवर्षे दूर फेकले जाते. परतण्याचे एकमेव साधन जेनवेसमोर असते; पण ते बलाढ्य टोळीच्या हाती पडल्यास ओकांपा हे दुबळे लोक भरडले जाणार. जेनवे ते साधन नष्ट करते. परक्यांचे रक्षण होते आणि तिच्या सहकाऱ्यांच्या वाट्याला पंचाहत्तर वर्षांचा प्रवास येतो. पुढे, ताऱ्यांविना काळोखाच्या प्रदेशात, याच निर्णयाच्या सलाने ती स्वतःला खोलीत कोंडून घेते. सहकाऱ्यांना पुढे धाडून आपण एकटीने मागे राहावे, असेही ती ठरवते. ते सर्व जण ठाम नकार देतात, आणि तेव्हा कुठे ती सावरते.

यानावर ऊर्जेची टंचाई असते. जेनवे आपली आवडती कॉफीसुद्धा सोडते. ऊर्जा मिळेल या आशेने यान एका तेजोमेघात शिरते, आणि मग कळते की तो मेघ सजीव आहे व आपण त्याला जखम केली आहे. साठा घटलेला असतानाही जेनवे यान माघारी वळवते आणि ती जखम बुजविते. लाभाच्या शोधात निघालेल्याने झालेली हानी भरून देणे, हा तिचा व्यवहार.

सेव्हनची कथा अधिक अवघड आहे. बालपणीच तिला बोर्ग या यंत्रमानवी समूहाने आपल्यात ओढलेले असते. जेनवे तिला त्यातून सोडविते, तेही तिच्या इच्छेविरुद्ध. मला निवडीचा हक्क नाकारणारी तू बोर्गहून वेगळी कशी, हा तिचा सवाल जेनवेला निरुत्तर करण्याजोगा आहे. मायेच्या माणसाने परस्पर घेतलेला निर्णयही जाचू शकतो, हे सत्य मालिका झाकून ठेवीत नाही.

बेलाना अर्धी मानव, अर्धी क्लिंगॉन. तिच्या कपाळावर क्लिंगॉन वंशाचे उंचवटे आहेत. लहानपणी वडील घर सोडून गेले, ते आपल्या या वेगळेपणामुळेच, असे तिच्या मनाने घेतलेले असते. स्वतःला मुलगी होणार, तिच्याही कपाळावर ती खूण उमटणार, हे कळताच ती गर्भातील जनुके बदलू पाहते आणि त्यासाठी वैद्याच्या कार्यप्रणालीतही गुपचूप फेरफार करते. पती टॉमही एक दिवस निघून जाईल, हीच तिची खरी भीती. मुलगी तुझ्यासारखीच व्हावी, असे तो सांगतो, तेव्हा ती निवळते.

लेकीच्या रूपाची काळजी करणाऱ्या आईच्या मनात पुष्कळदा स्वतःचेच जुने दुःख दडलेले असते. त्या दुःखावर टॉमचे एक वाक्य पुरले. ते बेलानाच्या वडिलांनी वेळीच उच्चारले असते, तर ती लेकीच्या कपाळाला कधी भ्यालीच नसती.