तिकीट आहे, पण…

रात्री कागद पुन्हा लावले. पासपोर्ट इथे हुबळीतच निघाला. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीला मात्र मुंबई, हैदराबाद नाहीतर चेन्नई गाठायची. बेंगळुरूत त्यांचा वाणिज्य दूतावास जानेवारी 2025 मध्ये उघडला खरा, पण तेव्हा व्हिसाचं काम त्यात नव्हतंच. फी 185 डॉलर; नकार आला तरी बुडाली.

2018 च्या फुटबॉल विश्वचषकाला रशियाने तिकीटवाल्यांना फॅन आयडीवर आत घेतलं, 2022 ला कतारने हय्या कार्डावर. अमेरिकेसाठी मात्र 2026 च्या विश्वचषकाचं तिकीट म्हणजे फार तर मुलाखतीची लवकरची तारीख. तिथला कायदा पर्यटकाला आधी कायमचा राहायला आलेलाच धरतो. तसं नाही, हे आपण पटवायचं. मग धारवाडचं घर, नोकरी, बँकेचं खातं, सगळ्यांनी साक्ष द्यायची की हा माणूस परत येईल. फुटबॉलच्या वेडाचा कागद कुणी मागत नाही!

आई म्हणते, ‘‘टीव्हीवर दिसतंय की सगळं.’’ दादाचा सल्ला वेगळाच: 2027 च्या क्रिकेट विश्वचषकाला जा. तो दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि नामिबियात. म्हणजे देश तीन आणि व्हिसाचे नियमही तीन.