आरसा वर उडतो तेव्हा

माझा धाकटा भाऊ लग्नाचे फोटो काढतो आणि सवड मिळाली की ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्षी टिपायला जातो. आमच्या बेलापूरच्या शाळेच्या क्रीडादिनासाठी मी हट्टाने त्याचा कॅमेरा मागून घेतला. लेन्ससकट चांगलाच जड! "ताई, पाडू नकोस," एवढंच तो म्हणाला.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. दर वर्षी धावण्यात शेवटचा. या वेळी तो रोज सकाळी लवकर येऊन पळायचा. त्याचे बाबा रात्रपाळीचे ड्रायव्हर. "बाई, मला यायला नाही जमणार, फोटो तेवढा काढा," म्हणाले. आणि पोरगा चक्क दुसरा आला! मी फितीपाशीच उभी होते. खटका दाबला.

संध्याकाळी पाहिलं तर फोटोत नुसता पांढरट फराटा. चेहराच नाही!

भाऊ कपाळाला हात लावून हसला. आदल्या दिवशी त्याने सूर्यास्ताला खाडीचं पाणी टिपलं होतं. त्यासाठी पडदा सेकंदाचा पंधरावा भाग उघडा ठेवला होता, तो तसाच राहिला. घरगुती कॅमेऱ्याच्या चकतीवर धावणाऱ्या माणसाचं चित्र असतं, ते लावलं की झालं. अस्सल व्यावसायिक कॅमेऱ्यावर असली चित्रं नसतात, बरं का! पडदा किती वेळ उघडायचा, भोक केवढं ठेवायचं, सगळं आपण ठरवायचं. सांगाल तेच तो करतो.

मग त्याने लेन्स काढून आतला आरसा दाखवला. लेन्समधून आलेला उजेड आरशावर आपटून वर जातो, तिथल्या पैलूदार काचेतून डोळ्यापर्यंत पोचतो. खटका दाबला की आरसा वर उडतो, पडदा उघडतो आणि उजेड मागच्या सेन्सरवर पडतो. तेवढा वेळ डोळ्यापुढे अंधार! म्हणजे फोटोत येणारा क्षण काढणाऱ्याला खिडकीतून दिसतच नाही. २०२० सालच्या कॅननच्या वन-डी एक्स मार्क थ्रीमध्ये हा आरसा सेकंदात १६ वेळा वरखाली होऊ शकतो. आणि १९९१ साली कोडॅकने पहिला असा डिजिटल कॅमेरा विकायला काढला, तेव्हा फोटो साठवायची पेटी खांद्याला अडकवून हिंडावं लागे! आता तर आरसा नसलेले कॅमेरेही आले आहेत.

सोमवारी भीत भीत मी त्याला तो फराटा दाखवला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, मी एवढ्या जोरात पळत होतो?"

शनिवारी शाळा सुटल्यावर त्याला पुन्हा पळायला लावलं. या वेळी पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागावर. फोटो लख्ख आला, कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता. पण त्यात फीत नव्हती, आणि शेजारी कुणी पळतही नव्हतं.

त्याच्या बाबांना मी दोन्ही फोटो दिले.