वन्संची चिठ्ठी

मैत्रिणींनो, वाळवंट म्हटलं की आपल्याला वाळू आणि उंटच आठवतात, नाही का? पण अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात ब्लॅक रॉक नावाचं वाळवंट आहे, तिथे वाळू नाहीच! आटलेल्या तळ्याचा तो सपाट तळ. वर मैद्यासारखी पांढरी, खारी धूळ. तिथे दरवर्षी ऑगस्टअखेर 'बर्निंग मॅन' हा उत्सव भरतो. १९८६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रकिनाऱ्यावर काही मित्रांनी लाकडी पुतळा जाळला, ती त्याची सुरुवात. १९९० पासून तो इथे होतो.

२०२४ साली मी कॅलिफोर्नियाला थोरल्या नणंदेकडे गेले होते. वन्संनीच हा बेत काढला. खरं सांगू? मनात थोडी अढी होतीच. २०२१ मध्ये, कोरोनाच्या दिवसांत सासूबाई गेल्या, तेव्हा वन्सं येऊ शकल्या नाहीत. सगळं मी एकटीने निभावलं होतं.

तिथे दुकान नाही. विकत मिळतो तो फक्त बर्फ. पाणी, शिधा सगळं बरोबर न्यायचं आणि कचराही परत आणायचा. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. धुळीने पायांना भेगा पडतात, म्हणून रात्री व्हिनेगरच्या पाण्याने पाय धुवायचे. ही युक्ती वन्संचीच!

अंधार पडला, की सायकलींना दिवे बांधून निघायचं. सपाट काळोखात अंतर कळतच नाही. इवलासा वाटणारा दिवा जवळ जावं तो दोन मजली लाकडी मनोरा निघतो! खुशाल वर चढा, आत बसा. महिनोन्‌महिने खपून केलेल्या या वस्तू आठवडाभरात उतरवतात, काही तर जाळतात.

सगळ्यांत शांत जागा म्हणजे तिथलं लाकडी 'टेंपल'. मूर्ती नाही, पुजारी नाही. एक तरुण सहकारी अपघातात गेला, म्हणून डेव्हिड बेस्ट या कलावंताने २००० साली पहिलं बांधलं. लोक आपल्या गेलेल्या माणसांची नावं, पत्रं, फोटो तिथे ठेवतात आणि रविवारी रात्री ते सारं जाळतात.

वन्संनी पर्समधून एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढली. आईंच्या अक्षरातलं गोडा मसाल्याचं प्रमाण! मी हात धरला. "अहो, आईंचं अक्षर जाळायचं?"

"मला अग्नी पाहता आला नाही गं," त्या म्हणाल्या आणि तिथेच खाली बसून रडल्या. तीन वर्षांत प्रथमच. मी हात सोडला.

रविवारी हजारो माणसं एक शब्द न बोलता ज्वाळा पाहत होती. पुढल्या आठवड्यात गणपती यायचे होते. मनात आलं, दीड दिवसाच्या मूर्तीसाठी आपण रात्र-रात्र मखर करतोच ना? आणि पाण्यात सोडताना घसाही दाटतोच.

परतताना वन्सं म्हणाल्या, "आता मसाला कसा करू?"

"मला पाठ आहे," मी म्हटलं. "लिहून देते."

गाडीतच लिहून दिलं. धणे अर्धा किलो, तीळ पाव किलो... अक्षर मात्र आईंच्यासारखं नाही आलं.