फुकट ते पौष्टिक?
ताईच्या लग्नाची डीव्हीडी. बाबांचा आवाज आता तेवढ्यातच उरलाय. आईला तो मोबाईलवर हवा होता. ‘आज एकच दिवस फुकट’ म्हणून एक कन्व्हर्टर उतरवला. पण की टाकेपर्यंत रात्रीचे बारा वाजून गेले, आणि माझेही! सकाळी पाहतो तर काय, नेमका बाबांच्या चेहऱ्यावर ‘ट्रायल’चा शिक्का!

रूममेट म्हणाला, “अरे येड्या, व्हीएलसी आहे की तुझ्याकडे! मीडियात जा, कन्व्हर्ट दाब.”

झालं की! पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांच्या १९९६ च्या प्रोजेक्टातून हे निघालं. २००१ मध्ये त्यांनी ते सगळ्यांना खुलं केलं. ना शिक्का, ना मुदत.

आईने बाबांचं हसणं ऐकलं. फोनवर बराच वेळ काही बोललीच नाही.

मित्रांनो, आपलं एखादं सबमिशन असं कुणाच्या कामी येईल का हो?