चाकांवरचे बिऱ्हाड

मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत असताना भाड्याची घरे आम्ही पुष्कळ पाहिली. बदलीचा हुकूम हाती पडला की नव्या गावी प्रथम घर शोधावयाचे, मग ट्रक ठरवून कपाटे, पलंग, देव्हारा, पाटा-वरवंटा असे सारे बांधून न्यावयाचे, हा क्रम तीस-पस्तीस वर्षे चालला. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे सौ. दर खेपेस म्हणे. तथापि घरच भाड्याने घेऊन ते रस्त्याने हाकीत न्यावयाचे, हा योग निवृत्तीनंतर, २०२३ च्या जून महिन्यात, अमेरिकेत आला.

आमची कन्या व जावई लॉस एंजेलिसजवळ राहतात. नातीच्या शाळेला सुटी लागली होती. लास वेगासपर्यंत त्यांच्या मोटारीने जावयाचे, तेथे आर.व्ही. भाड्याने घ्यावयाची आणि सात रात्रींत झायन, ब्राइस व ग्रँड कॅन्यन पाहून परतावयाचे, असा बेत त्यांनी हिवाळ्यातच आखला होता. राष्ट्रीय उद्यानांतील तळावरच्या जागा सहा सहा महिने आधी आरक्षित होतात आणि उन्हाळ्यातील जागा हां हां म्हणता संपतात, हे तेव्हा कळले.

आर.व्ही. म्हणजे मोठ्या व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली दीड खोली. आमची पंचवीस फूट लांब होती. ती चालविण्यास साधा परवाना पुरतो, हे ऐकून आम्ही चकित झालो. ताब्यात देण्यापूर्वी तेथील तरुणाने बाहेरून चहूबाजूंनी फिरवून एकेक ओरखडा कागदावर नोंदविला, आतील चमचे-बश्यांपर्यंत यादी वाचली आणि सही घेतली. बदलीच्या वेळी होणाऱ्या कार्यभार हस्तांतरणाची आठवण होऊन आम्हांस बरे वाटले. भाडे मात्र एकेरी नव्हते. दिवसाचे निराळे, ठरलेल्या मैलांपुढील प्रत्येक मैलाचे निराळे, जनरेटर चालविल्यास तासाचे निराळे. त्यावर पेट्रोल गॅलनला आठ-दहा मैल, म्हणजे लिटरला साडेतीन-चार किलोमीटर. हॉटेलपेक्षा हे स्वस्त पडते असे ज्यांस वाटते त्यांनी आधी हिशेब मांडावा.

आत शिरल्यावर नातीने चालकाच्या डोक्यावरचा माळा बळकावला. जेवणाचे मेज खाली पाडले की त्याचा पलंग होई, तो कन्या-जावयांचा. मागची खरी गादी आम्हां उभयतांना मिळाली. गॅसची शेगडी, लहान शीतकपाट, मोरी आणि एका अरुंद दारामागे शौचकूप. घरात भिंतीआड व जमिनीखाली जे काही चाललेले असते, ते सारे येथे चाकांच्या वर टांगलेले असते. स्वच्छ पाण्याची टाकी सुमारे चाळीस गॅलनची, म्हणजे दीडशे लिटरची. पाच माणसांनी नळ सोडून भांडी घासली तर एका दिवसात ती संपते. मोरीचे व स्नानाचे पाणी दुसऱ्या टाकीत जाते, तिला करडी म्हणतात. शौचकुपाचे तिसऱ्या टाकीत, ती काळी. कोणती किती भरली हे दाखविणारे चार-चार दिवे भिंतीवर असतात. दिवे बॅटरीवर लागतात, परंतु वातानुकूलन हवे तर तळावरच्या खांबाला जाड केबल जोडावी लागते, नाही तर जनरेटर. शीतकपाट गॅसवरही चालते, पण वाहन समपातळीत उभे नसेल तर ते नीट काम करीत नाही. म्हणून प्रत्येक मुक्कामी चाकांखाली पिवळे ठोकळे सरकवून पाण्याचा पेला ओट्यावर ठेवून पाहावयाचे.

सौ.ने ते अरुंद दार उघडून पाहिले आणि मिटले. ते जेवणाच्या मेजापासून चार फुटांवर होते, आणि मेजाशी जावई बसत. ‘‘तळावर सार्वजनिक सोय असेल ना?’’ एवढेच तिने कन्येस विचारले. पहिल्या चारही रात्री ती विजेरी घेऊन बाहेर जात राहिली आणि आम्ही सोबतीस. अमेरिकेतील चांदणे आम्ही मुख्यतः या निमित्ताने पाहिले.

झायनच्या तळावर पहिल्या संध्याकाळी ओळीने उभी असलेली ही वाहने, त्यांच्या पुढे पसरलेल्या छत्र्या, शेकोट्या आणि स्वयंपाकाचे वास पाहून आम्ही नातीला सांगितले की आपले शहरही असेच झाले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेर किल्ल्याच्या दक्षिणेस छावणी दिली. तंबूंच्या जागी वाडे उठले, वाड्यांभोवती पेठा भरल्या, आणि गावाचे नावच लष्कर पडले. आपले पूर्वज मुक्कामास म्हणून आले ते राहिले. तिने विचारले, ‘‘मग त्यांच्या टाक्या कोण रिकाम्या करी?’’ सर्वजण हसले. आम्हीही हसलो.

झायनचा पूर्वेकडील बोगदा १९३० चा, एक मैलाहून थोडा अधिक लांबीचा. त्या काळच्या मोटारींच्या मापाने खोदलेला. आरशांसह ७ फूट १० इंच रुंदी किंवा ११ फूट ४ इंच उंची झाली की त्या वर्षी पंधरा डॉलर भरून परवाना घ्यावा लागे, आणि मग समोरची वाहतूक थांबवून मोठे वाहन बरोबर मधोमध सोडीत. एका वाहनासाठी साऱ्या डोंगराची रहदारी अडविलेली पाहून आमच्या जावयांचे कान लाल झाले. ब्राइसचे तांबडे सुळके सुंदर आहेत; त्यांचे वर्णन येथे करीत नाही, छायाचित्रे सर्वांनी पाहिलेलीच आहेत.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरचा तळ सुमारे सात हजार फूट उंचीवर आहे. रात्री थंडी पडते. आमच्या जागेस वीज नव्हती, पाण्याची जोडणी नव्हती. त्या पाचव्या रात्री सौ.चे पोट बिघडले. दोनदा आम्ही विजेरी घेऊन बाहेर गेलो. तिसऱ्या वेळी तिच्याने पायऱ्याही उतरवेनात. मग ते अरुंद दार उघडले, आणि पहाटेपर्यंत उघडत-मिटत राहिले. आवाज न करण्याच्या तिच्या धडपडीने आम्हांस अधिक क्लेश झाले. मेजाच्या पलंगावर जावई भिंतीकडे तोंड करून अगदी निश्चल पडले होते. झोपलेल्या माणसाची कूस इतका वेळ बदलत नाही असे नाही.

सकाळी काळ्या टाकीचे चारही दिवे लागले. जवळच टाक्या रिकाम्या करण्याचे ठिकाण होते. जमिनीत झाकण असलेले भोक, शेजारी पिण्याचे नव्हे असे लिहिलेला नळ. आमच्या मागे तीन वाहने होती. जावयांनी मुकाट्याने रबरी हातमोजे काढले. आतून सौ.चा आवाज आला, ‘‘अहो, त्यांना नका करू देऊ.’’

आम्ही हातमोजे मागितले. ‘‘बाबा, मला सवय आहे,’’ असे ते म्हणाले. तशी ती नव्हती, कारण चौथ्या दिवशी त्यांनीही हे काम मोबाइलवरील चित्रफीत पाहतच उरकले होते. आम्ही हात पुढेच ठेवला. नळी वाहनाच्या तोटीस घट्ट बसवावयाची, दुसरे टोक भोकात. आधी काळी टाकी सोडावयाची, नंतर करडी, म्हणजे तिच्या साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. काम पाच मिनिटांचे. दुर्गंधी येते, पण सोसवते. नळीतून जाणारा धक्का हाताला लागतो, तेवढाच.

त्या पाच मिनिटांत आम्ही लष्करातील वाड्याच्या मागच्या बोळात होतो. आमच्या लहानपणी, साठच्या दशकात, वाड्यात टोपलीचे संडास होते. मागे बोळात उघडणारी लाकडी दारे, आणि रोज सकाळी पत्रा व टोपली घेऊन येणारी बाई. ती आली की आम्हां मुलांना मागच्या चौकातून हाकलीत. सणाला तिला उरलेली पुरणपोळी मिळे, ती वरून टाकलेली. पुढे नोकरीत असे संडास पाडून जलबंद शौचालये बांधण्याच्या योजनेचे काम आमच्याकडे काही वर्षे होते. किती बदलले, किती शिल्लक, याचे तक्ते आम्ही भोपाळला धाडीत असू. १९९३ चा कायदा आला, त्याची परिपत्रके आमच्या सहीने निघाली. पुढे २०१३ चा त्याहून कडक आला. तक्ते बरोबर असत, याविषयी आमची खात्री होती. मात्र ज्यांच्या डोक्यावरून टोपली उतरली, त्यांचा रकाना त्यात शेवटी असे आणि बहुधा ‘निरंक’ असे.

नळी धुऊन गुंडाळली, झाकण पायाने लावले. मागच्या वाहनातील गृहस्थाने हात उंचावून नमस्कार केला. सौ.ने बेसिनपाशी आमच्या हातांवर स्वतः पाणी घातले, टाकीतील उरलेसुरले.

त्या दिवशी दुपारी ती कड्यावर शाल पांघरून बसली होती. दरीकडे पाहत तिने विचारले, ‘‘आपल्याकडे मागच्या दारी यायची, तिचे नाव काय होते हो?’’ १९८६ मध्ये ती लग्न होऊन वाड्यात आली तेव्हा पुढच्या बाजूस फ्लश झाला होता, पण मागचा एक संडास गड्यांसाठी तसाच होता. तिने त्या बाईस दोन वर्षे पाहिले होते. आम्ही दहा वर्षांहून अधिक. नाव दोघांनाही आले नाही.

लास वेगासला वाहन परत करताना त्याच तरुणाने पुन्हा यादी काढली. टाक्या रिकाम्या नसल्यास दंड असतो. त्याने भिंतीवरचे दिवे पाहून खूण केली. एक पेला फुटला होता, त्याचे पैसे कापले.

लष्करात परतल्यावर आम्ही थोरल्या वहिनींना विचारले. त्या ऐंशीच्या पुढच्या, कोणाचे लग्न कोणत्या तिथीला झाले हे सांगणाऱ्या. त्यांनी बराच वेळ डोळे मिटले. मग म्हणाल्या, ‘‘आम्ही सगळे तिला मागची बाईच म्हणत असू रे.’’