फोन एक, दुखणी चार

‘डॉक्टरांचा सल्ला मोबाइलवरून घ्यायला तुम्ही तयार आहात का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायला कोणाचे काही जात नाही. दवाखान्याच्या बाकावर ताटकळत बसलेल्या माणसाला हातात कागद घेतलेल्या कोणी हे विचारले, की तो हो म्हणून मोकळा होतो. नाही म्हटले तर आपण अडाणी ठरू, ही धास्तीही त्या होकारात असते. अशा प्रश्नावलीतून निघालेल्या टक्केवारीवर म्हणूनच माझा फारसा विश्वास नाही. तयारी ही एकट्या रुग्णाच्या मनात असते, हे त्यामागचे गृहीतच मला पटत नाही. आपल्याकडे फोन पुष्कळदा घराचा असतो आणि आजारपणही घरानेच काढायचे असते. तेव्हा तयारी आहे की नाही हे ठरते ते त्या घरात फोन कोण हाताळतो, तो किती वाजता घरी येतो आणि त्याला विचारायला रुग्णाला संकोच वाटतो का, यावर.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, स्वतः वापरतो असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात 54 टक्के निघाल्या. त्यांतल्या 71 टक्के स्त्रियांना एसएमएस वाचता येत होता. दोन्ही आकडे वेगवेगळे बरे दिसतात. गुणाकार केला की शंभरांतल्या अडतीसच उरतात. त्यातही हा प्रश्न 15 ते 49 वयाच्या स्त्रियांना विचारलेला आहे. बीपी आणि शुगरच्या गोळ्या ज्यांना रोज लागतात, त्यांतल्या कितीतरी जणी पन्नाशीपुढच्या. त्या या हिशेबात नाहीतच. गर्भवतींना आणि बाळंतिणींना दर आठवड्याला आरोग्याची माहिती ऐकवणारी ‘किलकारी’ ही सरकारी सेवा घ्या. चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत फोन येत राहतो, वाचायचे काही नसते. कल्पना उत्तम. पण नोंदवलेला नंबर नवऱ्याचा असेल, तर बाळाला वरचे अन्न कधी सुरू करावे हे साइटवर विटा उचलणारा माणूस ऐकतो, किंवा अनोळखी नंबर म्हणून कापून टाकतो. ती बाई तयार नव्हती, असे म्हणायचे का?

2021 च्या मे महिन्यात ही गोष्ट आपण सगळ्यांनीच अनुभवली. 18 ते 44 वयोगटाची लस कोविन पोर्टलवर आधी नोंदणी केल्याशिवाय मिळत नव्हती. एका नंबरावर चार जणांची नोंद करता येत होती. घरात फोन एकच असतो हे निदान तेवढ्यापुरते कोणीतरी मान्य केले होते. पण पोर्टल मराठीत यायला जून उजाडला. तोवर शहरांतल्या चपळ बोटांनी आसपासच्या तालुक्यांतल्या केंद्रांवरचे स्लॉट पटकावले आणि त्याच गावातली माणसे केंद्राबाहेर उभी राहिली. शेवटी 24 मे रोजी केंद्र सरकारने या वयोगटालाही जागेवर नोंदणीची मुभा दिली. लस घ्यायला गावकरी नाखूश असतात, असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम एकदा नीट पाहावा.

याच्या उलट उदाहरणही सरकारीच आहे. ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेवर फेब्रुवारी 2023 पर्यंत दहा कोटी सल्ले दिले गेले आणि लाभार्थ्यांत 57 टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. फोनपासून लांब असलेल्याच बायका इथे पुढे कशा? कारण यांतले बहुसंख्य सल्ले रुग्णाने घरात बसून घेतलेलेच नव्हते. उपकेंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला पलीकडच्या डॉक्टरशी जोडून देते, बीपी मोजते, काय दुखते ते डॉक्टरांच्या भाषेत सांगते, आणि सांगितलेली गोळी शक्य तर तिथेच हातावर ठेवते. रुग्णाला ना ओटीपी, ना पासवर्ड. त्याने फक्त तिथवर चालत जायचे, जे तो पूर्वीही करत होता. मोबाइल आरोग्यसेवेचे यश म्हणून जो आकडा आपण मिरवतो, तो खरे तर मध्ये बसलेल्या माणसाचा आकडा आहे.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप यूपीआयचा. मंडईत कोथिंबिरीची जुडी विकणारी आजी क्यूआर कोड टांगून बसते, मग औषधपाण्यालाच फोन का जड जावा? मुद्दा खरा आहे, पण तो माझ्याच बाजूने बोलतो. आजीने ॲप शिकलेले नसते. कोड कोणीतरी लावून दिलेला असतो आणि पैसे आल्याचे शेजारचा स्पीकर मोठ्याने सांगतो. व्यवहार दिवसातून पन्नास वेळा होतो, चूक झाली तर तिथल्या तिथे कळते. फोनवर सांगितलेले औषध बरोबर की चूक, हे आठवड्याने कळते, कधी कळतही नाही. तिथे विश्वास ठेवायला ओळखीचा चेहरा लागतो. दुसरा आक्षेप, की आजची तरुण पिढी म्हातारी झाली की प्रश्न आपोआप मिटेल. मला शंका आहे. मोतीबिंदू आणि कापरे हात तेव्हाही असतील, आणि ॲप तर दर सहा महिन्यांनी तोंडवळा बदलते.

क्षयरोगाच्या उपचारात एक साधी युक्ती वापरून पाहिली गेली: गोळी पाकिटातून बाहेर काढली की मागे दडलेला नंबर दिसतो, त्यावर फुकटचा फोन लावायचा, म्हणजे गोळी घेतल्याची नोंद होते. यापेक्षा सोपे काय असणार? तरी चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईतल्या रुग्णांच्या घरी न कळवता जाऊन लघवी तपासली, तेव्हा गोळी घेतलेली असूनही फोन न केलेले बरेच आढळले. फोन लावून गोळी न घेतलेलेही होते. उपचाराची तयारी आणि फोनची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फोन न लावणाऱ्याला ‘औषध बुडवणारा’ ठरवणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे.

मध्यस्थाचा एक तोटा मात्र मी नाकारणार नाही. गर्भनिरोधक, गुप्तरोग, मनाचे आजार, नवऱ्याची मारहाण यांविषयी एखादी बाई मुलाच्या फोनवरून बोलणार नाही आणि गावातल्याच आशा स्वयंसेविकेसमोरही कचरेल. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस हेल्पलाइनच्या 14416 सारख्या थेट आवाजी सेवा म्हणूनच हव्यात, आणि उपकेंद्रात दार लावून बोलता येईल अशी एक खोलीही. यात तंत्रज्ञान कमी, गवंडीकाम जास्त आहे. दुसरा तोटा पैशाचा. मध्ये माणूस बसवायचा तर त्याला पगार द्यावा लागतो. तो टाळून काम तेवढे आशांच्या मोबाइलवर ढकलायचे, हा आपला नेहमीचा मार्ग. महाराष्ट्रातल्या आशा ऑक्टोबर 2023 मध्ये संपावर गेल्या, ते काही ॲप समजत नाही म्हणून नव्हे.

माझी विनंती प्रश्नावली करणाऱ्यांना आहे. ‘मोबाइल आहे का?’ यानंतर आणखी एक प्रश्न घाला: सकाळी दहा ते संध्याकाळी सहा तो कोणाच्या खिशात असतो?