भिंगऱ्यांची तार

भिगवणला हिवाळ्यात माणसं येतात ती रोहित पाहायला. उजनीच्या फुगवट्यात नाव शिरली की सगळ्या दुर्बिणी त्या गुलाबी थव्याकडे लागतात. त्यात वावगं काही नाही. पण काठावरच्या विजेच्या तारेवर चार-सहा भिंगऱ्या बसलेल्या असतात, त्यांच्याकडे कुणी मान वळवून पाहत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तारेवरची त्यांची बैठक पाहण्यासारखी असते. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. दोघींच्या मधे ठरावीक अंतर. एखादी फार जवळ सरकली तर शेजारीण चोच उघडून तिला मागे सारते. मग पिसं साफ करणं, एक पंख ताणून आळस देणं, बारीक किलबिल. पाकोळीला हे जमत नाही. तिच्या पायांची ठेवणच कड्याला, भिंतीला धरून लटकण्याची. आकाशात लांबून दोघी सारख्या वाटल्या, तरी तारेवर दिसली ती भिंगरीच.

या घोळक्यात गळा तांबूस आणि छातीवर गडद पट्टा असलेल्या माळभिंगऱ्या पाहुण्या. पावसाळा सरता सरता येतात, उन्हं तापली की निघून जातात. वजन जेमतेम 20 ग्रॅम, आणि येणं मात्र हिमालयातून, त्याच्याही पलीकडून.

माझा जीव तारवालीवर. ती बारमाही इथलीच. माथा तांबूस, पाठ निळीशार, पोट पांढरंशुभ्र, आणि शेपटीतून निघालेल्या दोन तारा इतक्या बारीक, की उजेड नीट पडला नाही तर दिसतच नाहीत. पाणी सोडून ती फार लांब जात नाही. माशा, डास, पंखवाल्या मुंग्या उडता उडताच टिपते. पाणीही तसंच, चोच टेकवून पिते. जमिनीवर उतरते ती मुख्यतः चिखलासाठी.

तेव्हा तिला जवळून पाहावं. ओल्या काठावर आखूड पायांनी कशीबशी उभी राहते, चोच खुपसते आणि इवलीशी गोळी घेऊन पुलाखाली जाते. ती गोळी भिंतीला दाबून बसवायची, की पुन्हा काठावर. नर-मादी दोघंही राबतात. खालचा थर वाळला नाही तर वरचं ओझं पेलत नाही, म्हणून कामात खंड पाडावा लागतो. अशा शेकडो गोळ्यांतून अर्ध्या वाटीसारखं घरटं उभं राहतं. आत गवताचं आणि पिसांचं अस्तर.

म्हणूनच नदीकाठ सिमेंटने बांधून काढताना पाहिलं की या पक्ष्याची काळजी वाटते. पूल वाढले, तारा वाढल्या, ते तिच्या पथ्यावरच पडलं. पण ओली माती राहिली नाही तर घरटं कशाचं बांधणार? रंगकामासाठी पुलाखालची घरटी खरवडून काढतात, तिथेही तीन-एक आठवडे दम धरला तर पिल्लं उडून जातील.

उडाली तरी ती लगेच आपापली होत नाहीत. शेपटीला तारा फुटलेल्या नसतात, रंग मळकट. शेजारी शेजारी बसून पंख थरथरवत तोंड वासतात. पुढे आईबाप त्यांना हवेतच गाठतात. दोन पक्षी समोरासमोर येतात, क्षणभर वर उचलले जातात आणि घास या चोचीतून त्या चोचीत जातो. तो नीट दिसला नाही तर पुढच्या घासासाठी थांबावं. फार वेळ लागत नाही.